भरावाखाली धुमसणारी आग : पाणी ओतूनही ती का विझत नाही?

प्रश्न : आम्ही पूर्व नागपुरात पारडीच्या पुढे एका लेआउटमध्ये राहतो. घरामागचा रिकामा प्लॉट सखल होता. तीन-चार वर्षांपूर्वी आरा मशीनचा भुसा, बॉयलरची राख आणि बांधकामाचा मलबा टाकून तो भरण्यात आला. होळीनंतर तिथला पालापाचोळा कोणीतरी पेटवला. ज्वाळा त्याच दिवशी विझल्या, परंतु तेव्हापासून जमिनीच्या भेगांतून धूर निघतो आहे. दोनदा टँकर मागवून पाणी टाकले. दोन दिवस धूर थांबतो आणि मग आमच्या कुंपणाच्या आणखी जवळून निघू लागतो. प्लॉटमालक म्हणतात की पावसाळ्यात आपोआप विझेल, तर काही शेजारी वरून मुरूम टाकून बुजवावे असे सुचवतात. आम्ही काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सर्वप्रथम, धूर कुंपणाकडे सरकतो आहे हे आपण टिपून ठेवलेत, हे फार चांगले केले, कारण आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. आग विझलेली नसून भरावातून चालत आपल्या घराकडे येत आहे, असा तिचा अर्थ होतो. तेव्हा पावसाळ्यापर्यंत थांबू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी घरोघरी रात्री चुलीतल्या निखाऱ्यावर राख ओढून ठेवत आणि सकाळी ती बाजूला सारून फुंकर घातली की विस्तव पुन्हा फुलत असे. आपल्या प्लॉटमध्ये नेमके हेच चालले आहे. काळी माती स्वतः जळत नाही. जळतो तो भरावातला भुसा आणि बॉयलरच्या राखेत अर्धवट जळून राहिलेला कोळसा. ज्वाळा टिकण्यासाठी हवेत प्राणवायू साधारण १५-१६ टक्के तरी लागतो, पण धुमसणाऱ्या आगीला १० टक्क्यांच्या आसपासही पुरतो, आणि तेवढी हवा उन्हाळ्यात तडकलेल्या काळ्या मातीच्या भेगांतून सहज आत जाते. ही आग तासाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकते, म्हणून ती कोणाला घाबरवत नाही. परंतु आतले तापमान ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत असू शकते आणि वरची माती ती उष्णता बाहेर पडू देत नाही.

टँकरच्या पाण्याचे काय झाले, तेही यावरून लक्षात येईल. वरून ओतलेले पाणी सगळीकडे सारखे मुरत नाही. त्याला ज्या वाटा सापडतात त्यांतून ते खाली निघून जाते आणि दोन वाटांच्या मधला तापलेला भाग कोरडाच राहतो. जिथे ते पोहोचते तिथला धूर थांबतो, म्हणून आपल्याला आग विझल्यासारखे वाटते. याखेरीज, लालबुंद कोळशावर थोडेसे पाणी पडले तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन्ही ज्वलनशील वायू तयार होतात, त्यामुळे भेगेवर वाकून बादलीने पाणी ओतणे धोक्याचे आहे. पावसाच्या पाण्याचेही बहुतांशी असेच होते, आणि शिवाय आत पोकळ झालेली जमीन पावसाने भिजून अचानक खचू शकते.

मुरूम टाकून बुजवण्याचा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी तो अपुरा आहे. त्याने हवा कमी होते आणि धूर दिसेनासा होतो, परंतु उष्णता आतच कोंडून राहते. महिन्या-दोन महिन्यांनी उंदीर-घुशींच्या बिळातून किंवा नव्या भेगेतून हवा मिळाली की आग पुन्हा जिवंत होते, आणि तोवर ती कुठवर पसरली आहे हे कोणालाच सांगता येत नाही. आग पूर्ण विझवण्याची व्यवस्था होईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणूनच मुरूम वापरावा.

आता धोक्याविषयी, कारण ज्वाळा दिसत नाहीत म्हणून लोक इथेच फसतात. पहिला धोका वायूचा. धुमसणारी आग कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात सोडते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जमिनीतील भेगांतून, केबलच्या नळ्यांतून किंवा सांडपाण्याच्या वाहिनीतून घरात शिरू शकतो. घरातील दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळ किंवा चक्कर येऊ लागली आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागले, तर ते पित्त किंवा उन्हाचा त्रास समजून झोपून राहू नये. सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे, १०८ वर कळवावे आणि डॉक्टरांना जमिनीतील आगीची माहिती आवर्जून द्यावी. ओला रुमाल किंवा साधा मास्क या वायूला अडवत नाही. आग विझेपर्यंत प्लॉटकडील तळमजल्याच्या खोलीत कोणीही झोपू नये, विशेषतः लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेली माणसे.

दुसरा धोका पायाखालचा. माझ्या पाहण्यातल्या अशाच एका भरावावर हिरवे गवत होते, जमीन टणक दिसत होती. अग्निशमनच्या माणसाने कडेला उभे राहून सळई टेकवली, तर ती हाताच्या नुसत्या वजनाने कोपरभर आत गेली आणि बाहेर काढली तेव्हा टोकाजवळची माती वाळून पांढरी पडली होती. तिथे शेजारची मुले रोज क्रिकेट खेळत असत. म्हणून धूर दिसतो त्याच्या सर्व बाजूंनी बरेच अंतर सोडून आजच दोरी बांधा. एका बाजूने वाळणारे झाड, तडकलेली कुंपणभिंत आणि पावसाच्या सरीनंतर जमिनीच्या एकाच पट्ट्यातून उठणारी वाफ, या खुणा दिसल्या तर आग तिथवर पोहोचली असे धरावे.

आग विझवण्याचा खात्रीचा मार्ग एकच : जळणारा भराव खणून बाहेर काढणे, पातळ थरात पसरणे, भिजवत-उलटवत पूर्ण थंड करणे. मार्च २०२३ मध्ये कोचीच्या ब्रह्मपुरम येथील कचऱ्याच्या ढिगांना आग लागली, तेव्हाही नुसते वरून पाणी मारून भागले नाही. उत्खनन यंत्रांनी ढीग उकरून आतवर पाणी पोहोचवावे लागले आणि त्यात १० दिवसांहून अधिक गेले. आपला प्लॉट त्या मानाने लहान आहे, पण पद्धत हीच. आधी आपल्या कुंपणाच्या बाजूला, आग अजून पोहोचलेली नाही अशा जागी, भरावाखालची मूळ जमीन लागेपर्यंत चर खणून घ्यावा, म्हणजे आगीची वाट तुटते. त्यानंतरच जळत्या भागाला हात घालावा. खोदताच हवा लागून ज्वाळा उठू शकतात, आणि पोकळीवर जेसीबी गेला तर तो यंत्रासह खचू शकतो. म्हणून हे काम अग्निशमन दलाच्या उपस्थितीत, वारा ज्या बाजूने येतो तिकडे पाठ करून आणि जमिनीतील विजेच्या केबल व नळ कुठून जातात हे पाहूनच व्हावे. आपण स्वतः कुदळ-फावडे घेऊन जाऊ नये. काढलेला माल थंड झाल्याची खात्री होण्याआधी पुन्हा त्याच खड्ड्यात लोटला, तर सगळी मेहनत वाया जाते. खड्डा स्वच्छ मुरुमाने थराथराने दाबून भरावा आणि पुढील काही आठवडे रोज पाहणी करावी.

यासाठी १०१ वर कळवताना केवळ 'कचरा जळतो आहे' असे सांगू नका, कारण मग एक गाडी येऊन पाणी मारून जाईल. 'भरावाखाली आग आहे, पाणी टाकूनही ती घराकडे सरकते आहे, खोदावे लागेल' असे सांगा. त्याच दिवशी महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आपला लेआउट महापालिकेच्या हद्दीबाहेर असेल तर अर्ज ग्रामपंचायतीकडे आणि तहसीलदारांकडे द्यावा. तरीही हालचाल झाली नाही, तर जिल्हाधिकारी हे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यांच्याकडे जावे. प्लॉटमालकांनाही लेखी कळवा, परंतु खर्च कोणी करायचा हा वाद मिटेपर्यंत काम थांबू देऊ नका. उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई आहेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिलेला आहे.

प्रश्न : आमचे गाव कन्हान भागात एका बंद कोळसा खाणीजवळ आहे. शेतालगतच्या भेगेतून गरम वाफ आणि डांबरासारखा वास येतो. वरील उपाय आम्हीही करावा काय?
— एक शेतकरी

उत्तर : नाही, आपल्याकडे खोदणे हाच सर्वांत मोठा अपाय ठरेल. कोळशाच्या थराला हवा मिळाली की तो स्वतःहून तापत जाऊन पेटतो, आणि खोदण्याने त्याला आणखी हवा मिळते. झारखंडमधील झरिया या कोळसा क्षेत्रात अशा आगीची पहिली नोंद १९१६ सालची आहे आणि तिथली आग आजही पूर्णपणे विझलेली नाही. भेगा मातीने बुजवणे, जमिनीत वाळू किंवा राखेचा गारा भरणे, नायट्रोजन सोडणे ही कामे खाणीच्या नकाशाशिवाय करता येत नाहीत. खाण व्यवस्थापनाला, खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या नागपूर कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना एकाच वेळी लेखी कळवावे. उत्तर येईपर्यंत त्या बाजूला जनावरे सोडू नयेत, ट्रॅक्टर नेऊ नये, आणि भेगेची लांबी दर आठवड्याला दुरूनच खुणेच्या दगडावरून तारखेसह लिहून ठेवावी. पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांना तीच नोंद प्रथम दाखवावी.