'अप्रभावी' गुण म्हणजे दुबळा गुण का?

आनुवंशिकीतला, म्हणजे गुण पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात त्या शास्त्रातला, प्रश्न असा आहे: जो जास्त जणांत दिसतो तो गुण प्रभावी आणि जो दुबळा तो अप्रभावी, असं म्हणता येईल का?

नाही. घोळ होतो तो 'औषध अप्रभावी ठरलं' या रोजच्या वापरामुळे. आनुवंशिकीत प्रभावी-अप्रभावी ही जोडी ग्रेगर मेंडेल या मठवासी संशोधकाच्या वाटाण्यांवरच्या प्रयोगांतून आली. संकरात मागे सरणारा आणि पुढच्या पिढीत जसाच्या तसा परतणारा, असा गुण त्याला सांगायचा होता.

आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात त्याने हे संकर केले. वाटाण्याचं फूल उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळतं. म्हणून कोवळी कळी उघडायची, आतल्या होडीसारख्या जोडपाकळ्या काढायच्या, दहाही पुंकेसर (पराग देणारे नर भाग) चिमट्याने उपटायचे आणि कुक्षीवर (मादी भागाच्या टोकावर) दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. एखाद्या पुंकेसराची परागाची पिशवी आधीच फुटली असेल तर संकर फसतो. मादी झाड गोल बियांचं असेल तर ही चूक दिसतही नाही, कारण दोन्ही प्रकारे बी गोलच निघतं. सुरकुतलेल्या बियांचं झाड मादी घेतलं, तर चुकलेलं बी शेंगेतच सुरकुतलेलं सापडतं.

गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या वाणांच्या संकराचं प्रत्येक बी गोल निघालं. त्यांच्या २५३ झाडांवर ७,३२४ बिया धरल्या: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेल्या, म्हणजे साधारण तीनास एक. या गोल बियांपासून वाढवलेल्या ५६५ झाडांपैकी १९३ झाडांना फक्त गोल बिया आल्या, ३७२ झाडांना दोन्ही. म्हणजे साधारण दोन तृतीयांश गोल बियांत सुरकुती दडलेली होती. तीनास एक या प्रमाणाइतकंच हे मोजमाप मोलाचं आहे, कारण बाहेरून सारखं दिसणारं बी आतून वेगळं असू शकतं हे त्यातून कळलं.

सुरकुती येते ती स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक बिघडल्यामुळे. साखर शिल्लक राहते, बी जास्त पाणी ओढतं आणि वाळताना आक्रसतं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी चांगली एक प्रत असली तरी बी गोल होतं. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली संकरित बियांतले स्टार्चचे कण दोन्ही वाणांहून वेगळे दिसतात, म्हणजे प्रभाव हा आपण काय पाहतो त्यावरही ठरतो. शिवाय खायला सुरकुतलेला वाटाणाच गोड, त्याला दुबळा कसं म्हणणार?

संख्येचंही तेच. सहा बोटं बहुधा प्रभावी जनुकामुळे येतात, तरी विरळा. 'ओ' रक्तगट अप्रभावी, तरी घरोघरी. म्हणून लिहिताना नुसतं 'गोल गुण प्रभावी' न म्हणता 'गोल हा सुरकुतलेल्यावर प्रभावी' असं जोडीनेच लिहावं.