जुन्या मॉडेल रेल्वे इंजिनात डीसीसी डिकोडर (रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट) बसवता येतो का?
बसवता येतो, पण आधी मोटर चेसिसपासून (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यापासून) विजेच्या दृष्टीने पूर्ण वेगळी करा. जुन्या इंजिनांत बऱ्याचदा मोटरचा एक ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारा कार्बनचा तुकडा) थेट चेसिसला टेकलेला असतो आणि रुळाची वीज चेसिसमधूनच येते. तसाच डिकोडर जोडलात तर तो जळणार. मल्टिमीटरने दोन्ही ब्रश आणि चाकं यांच्यात जरासुद्धा संपर्क नाही ना, हे तपासाच. खरं काम एवढंच आहे. मग १२ व्होल्टवर मोटर क्षणभर अडवून ती किती अँपिअर ओढते ते मोजा. डिकोडरची क्षमता त्याहून जास्त हवी. जोडणी सोपी: लाल-काळी वायर रुळांकडे, नारिंगी-करडी मोटरला. पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवरच (डिकोडरच्या सेटिंगसाठी वेगळा ठेवलेल्या रुळावरच) घ्या, तिथे वीज मर्यादित असते. नव्या डिकोडरचा पत्ता, म्हणजे ज्या क्रमांकाने त्याला आदेश देतात तो, सहसा ३ असतो.