लॅब आणि फार्मसीचा डेटा जोडल्याने अँटिबायोटिकचा वापर खरंच सुधारतो का?

सुधारतो, आणि फार भारी सॉफ्टवेअरही लागत नाही. समजा, रुग्णाला पहिल्या दिवशी अंदाजाने मेरोपेनेम हे जोरदार अँटिबायोटिक सुरू होतं. कल्चरचा (जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट यायला सहसा ४८ ते ७२ तास, त्यात ई. कोलाय हा जंतू निघतो, सेफ्ट्रायॅक्सोनसारख्या साध्या अँटिबायोटिकलाही दाद देणारा. पण तोवर ड्युटी बदललेली असते, रिपोर्ट फायलीत जातो, मेरोपेनेम चालूच. दोन्ही नोंदी रुग्ण क्रमांकाने जोडल्या की अशांची यादी रोज सकाळी फार्मासिस्टसमोर येते. उलटंही सापडतं: जंतू औषधाला रेझिस्टंट (दाद न देणारा), तरी तेच औषध सुरू. हे आधी बघा. मात्र फार्मसीतून गेलेलं औषध रुग्णाला दिलंच असेल असं नाही, म्हणून नर्सिंग चार्टही ताडून पाहा. आणि ऊठसूट अलर्ट लावू नका, डॉक्टर बघेनासे होतात.