दंगल, युद्ध किंवा भूकंपाच्या वेळी ख्रिस्ती लोक शांतीसाठी कोणत्या प्रार्थना करतात? त्यांतून खरोखर दिलासा मिळतो का?

मी मराठी प्रोटेस्टंट घरात वाढलो. आपण शांतीच्या प्रार्थना विचारल्या आहेत. पण माझ्या अनुभवात अशा वेळची प्रार्थना बहुधा तक्रारीने सुरू होते. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत आणि 13 व्या स्तोत्राचा आरंभच ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ या प्रश्नाने होतो.

26 डिसेंबर 2004 रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, सुनामी आली आणि तमिळनाडूतील वेळांकणीला यात्रेसाठी गेलेले शेकडो भाविक समुद्राने ओढून नेले. पुढच्या रविवारी आमच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, पताका आणि कागदी तारा अजून टांगलेलाच होता. पाळकांनी नववर्षाचा उपदेश बाजूला ठेवून हेच 13 वे स्तोत्र वाचले, मग मध्यस्थीच्या प्रार्थनेत मृतांसाठी, बेपत्ता झालेल्यांसाठी आणि प्रेते उचलणाऱ्यांसाठीही एकेक विनंती केली, आणि प्रत्येक विनंतीनंतर मंडळीने ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक’ असे म्हटले. प्रेते उचलणाऱ्यांची आठवण मला तरी झाली नसती.

हिंसाचार माणसाने घडवलेला असतो तेव्हा प्रार्थना अधिक अवघड होते. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल जळाले. छताच्या दोन जळक्या तुळयांचा क्रूस उभा करण्यात आला आणि वेदीमागील भिंतीवर ‘हे पित्या, क्षमा कर’ एवढेच शब्द कोरले गेले. क्रूसावरून येशूने ‘त्यांना क्षमा कर’ असे म्हटले होते; येथे ‘त्यांना’ हा शब्द मुद्दाम गाळला आहे, कारण क्षमेची गरज आपल्यालाही आहे. तेथे 1958 पासून याच शब्दांची समेटाची प्रार्थना म्हटली जाते.

‘मला तुझ्या शांतीचे साधन कर’ ही प्रार्थना आपल्याला व्हॉट्सॲपवर इटलीतील असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाने आली असेल. प्रार्थना सुंदर आहे, मात्र ती प्रथम 1912 मध्ये पॅरिसच्या एका लहानशा मासिकात छापली गेली आणि फ्रान्सिस तर 1226 मध्येच वारले होते.

आपण ख्रिस्ती नसलात तरी 46 वे स्तोत्र वाचून पाहावे. पृथ्वी हलली, डोंगर समुद्रात कोसळले तरी देव आश्रय आहे, असे ते म्हणते. स्वतःच्या शब्दांत म्हणायचे असल्यास एवढे पुरे: ‘प्रभू, ढिगाऱ्याखाली जे आहेत त्यांच्याजवळ राहा, ज्यांची माणसे गेली त्यांना आजची रात्र काढू दे, आणि माझ्या मनातला सूड काढून घे.’

दिलासा लगेच मिळतोच, असे मी म्हणणार नाही. 88 वे स्तोत्र अंधारातच संपते; त्याला कोणी गोड शेवट जोडलेला नाही. माझे वडील गेले त्या आठवड्यात मला तेवढे एकच स्तोत्र वाचता येत होते.