‘मुलगी सर्रास खोटं बोलते’

अमेरिकेत मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या पश्चिमेला नोव्ही, कँटन ही उपनगरं. मी इथे समुपदेशन करते. इथे अरब कुटुंबं आहेत, तशी आपली मराठीही. माझ्याकडे येणाऱ्या दोन्हीकडच्या आयांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “मुलगी सर्रास खोटं बोलते.” त्यामागोमाग येतं, “फोन तपासू का?” फोन तपासल्यावर मुलगी खरं बोलायला लागली, असं मी पाहिलेलं नाही. तिने दुसरं अकाउंट उघडलेलं मात्र पुष्कळदा पाहिलंय.

त्यातलंच हे एक प्रकरण, ओळख पटेल असे तपशील बदलून.

कुटुंब दक्षिण लेबनॉनचं. मुलगी तेरा वर्षांची होईपर्यंत डेट्रॉइटलगतच्या डिअरबॉर्न गावात वाढली. तिथे निम्म्याहून जास्त वस्ती अरब आणि मध्यपूर्वेकडची, ईदला शाळा बंद. २०१० साली रमजान ऑगस्टमध्ये आला, तेव्हा फोर्डसन हायस्कूलच्या फुटबॉल संघाने सरावच रात्री ठेवला होता. मग मोठं घर, चांगली शाळा म्हणून कुटुंब उपनगरात आलं. इथे रोज्याच्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत ती एकटी लायब्ररीत बसायची. शाळेच्या फॉर्मवर वंशाच्या रकान्यात खूण ‘व्हाइट’वर, मध्यपूर्व-उत्तर आफ्रिकेचा वेगळा रकाना करायचं सरकारने ठरवलं तेच मुळी मार्च २०२४ मध्ये. वर्गात मात्र तिला कुणी गोरी समजत नव्हतं.

पालकांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी, की डिअरबॉर्नमध्ये तिला मोकळीक जास्त होती. सोबत चुलतबहिणी, रस्त्यावर ओळखीचे दुकानदार, हाकेच्या अंतरावर खाला, म्हणजे मावशी. उपनगरात लक्ष ठेवायला आई एकटी, म्हणून नियम आवळले गेले. शाळा आणि घर, बस्स. सोळाव्या वर्षी ‘लायब्ररीत जाते’ सांगून ती शुक्रवारच्या फुटबॉल मॅचला गेली आणि सापडली. घरात रणकंदन झालं, फोन जप्त झाला.

मुलीला ‘सुधारायला’ मी घेत नाही, मी अख्खं घर बघते. तिच्या खोट्याचा घरात कुणाला उपयोग होतोय, हे आधी शोधते. आधी मुलगी एकटी, मग आई एकटी, मग दोघी एकत्र. वडील आणि भाऊ त्यानंतर. हा क्रम मी सहसा मोडत नाही.

आईला सांगितलं, प्रत्येक भीती वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. मग दोन ढीग करायचे: ‘मुलीला इजा होईल’ आणि ‘लोक बोलतील’. पहिल्या ढिगात तीनच चिठ्ठ्या पडल्या. दारू प्यायलेल्याची गाडी, मोठं माणूस नसलेल्या घरातली पार्टी, फिरवले जाणारे फोटो. बाकी सगळ्या दुसऱ्यात. आई बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिली.

पुढच्या बैठकीत मुलीने फोनमधली नोंद वाचून दाखवली, कुणाला काय सांगायचं याची. “शुक्रवार. ममा: लायब्ररी, नऊपर्यंत. खाला: ट्यूशन. भाऊ: लायब्ररी, मैत्रिणीची गाडी.”

“एवढं पाठ करण्यापेक्षा मला विचारायचंस,” आई म्हणाली.

“तू नाही म्हणाली असतीस.”

“आणि हो म्हटलं असतं तर?”

“तर तेताने फोनवर विचारल्यावर काय सांगितलं असतंस? तुला माहीतच नसलं की तुला खोटं बोलावं लागत नाही, ममा.”

अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये. तेता म्हणजे बैरूतची आजी. लपवाछपवी आईपासून चालली होती हे खरं, पण ती आईला वाचवण्यासाठीही होती. थोड्या वेळाने मी आईला एवढंच विचारलं, “सासूबाईंना तुम्ही काय सांगता?” ती म्हणाली, “नमाज एकही चुकवत नाही म्हणून.” मुलगी फिस्सकन हसली, मग आईही. दोघी एकाच बाईला घाबरून दोन वेगळी खोटी चालवत होत्या. मला वाटतं, प्रकरण सुटलं ते तिथेच. उरला तो हिशोब.

तो असा. चार आठवड्यांसाठी एकच परवानगी द्यायची. सुरुवात मॅचपासून करावी, प्रॉमपासून, म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीपासून, नको. प्रॉममध्ये कपडे, मुलगा, फोटो असं सगळंच एकदम अंगावर येतं. (मधला मार्गही असतो. डेट्रॉइटजवळच्या हॅमट्रॅम्कच्या मुलींनी २०१२ मध्ये फक्त मुलींचा प्रॉम भरवला होता.) निघताना चार गोष्टी सांगायच्या: कुठे, कुणाबरोबर, कुणाची गाडी, परत कधी. उशीर होणार असेल तर फोन. न कळवता उशीर झाला तर पुढचा शुक्रवार रद्द, महिना नाही. महिनाभर सगळंच बंद झालं की गमवायला काही उरत नाही आणि खोटं परत येतं. नको तिथे अडकून तिने बोलावलं, तर त्या रात्री प्रश्न न विचारता घरी आणायचं, बोलणं दुसऱ्या दिवशी. तेच चार प्रश्न भावालाही. आणि तेतासाठी दोघींनी मिळून एक वाक्य ठरवायचं: “शाळेच्या कार्यक्रमाला गेली आहे, मला विचारून.”

हे फसतं ते बहुधा एकाच ठिकाणी. आई हो म्हणते आणि वडिलांना सांगत नाही. मग घरात खोटं बोलणारं आणखी एक माणूस वाढतं. इथे वडील तिसऱ्या आठवड्यात आले, कुरकुरतच. पण मॅचनंतर आणायला जायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

जिथे मारहाण आहे, किंवा ‘गावी नेऊन लग्न लावू’ अशी धमकी आहे, तिथे यातलं काही करू नये; मुलीला आणि पालकांना एका खोलीत बसवूच नये. मिशिगनमध्ये १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पालकांच्या संमतीशिवाय समुपदेशन घेता येतं, एका वेळी १२ बैठका किंवा चार महिन्यांपर्यंत. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा ठोस धोका नसेल, तर पालकांना कळवलं जात नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर अमेरिकेत ९८८ या हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज करता येतो, रात्री-अपरात्रीसुद्धा.