'एन्डेव्हर' : प्रयत्न की कर्तव्य?

'ट्राय' आणि 'एन्डेव्हर' या दोन्ही क्रियापदांना शब्दकोशात 'प्रयत्न करणे' हाच अर्थ दिलेला असताना इंग्रजीला दुसऱ्या शब्दाची गरज का भासली, अशी पृच्छा आहे. दोन्ही शब्द फ्रेंचमधून आले असले तरी त्यांची कुळे निराळी आहेत. 'ट्राय'च्या मुळाशी असलेल्या जुन्या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ निवडणे, पाखडून वेगळे करणे असा होता; न्यायालयातील 'ट्रायल' त्याच घरातली.

'एन्डेव्हर'मध्ये मात्र 'दव्हॉर' हा फ्रेंच शब्द दडलेला आहे. त्याचा अर्थ कर्तव्य, आणि त्याचे मूळ 'देबेरे', म्हणजे देणे असणे, हे लॅटिन क्रियापद. 'डेट' (कर्ज), 'ड्यूटी' आणि 'ड्यू' हे शब्दही तिथूनच निघाले. (फ्रान्समधील मुले आजही गृहपाठाला 'दव्हॉर'च म्हणतात, हे मला फार समर्पक वाटते.) एखाद्या कामाबाबत स्वतःला कर्तव्यात घालणे अशा अर्थाचा फ्रेंच वाक्प्रचार इंग्रजीत आला आणि त्यातूनच हे एकसंध क्रियापद तयार झाले. म्हणूनच जुन्या इंग्रजीत ते पुष्कळदा आत्मवाचक सर्वनामासह, 'स्वतःला एन्डेव्हर करणे' अशा धर्तीवर, येत असे.

देण्यातून कर्तव्याकडे जाणारी ही वाट मराठी माणसाला अनोळखी नाही. 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो' आणि 'मला जावे लागते' या वाक्यांत ऋण आणि भाग पडणे या दोन्ही गोष्टी आपण 'लागणे' या एकाच क्रियापदावर सोपवतो.

भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठात, समान नागरी कायद्याविषयीच्या 44व्या अनुच्छेदात, 'द स्टेट शॅल एन्डेव्हर' अशी शब्दयोजना आहे. तिथे 'प्रयत्न करील' म्हटल्याने एखादा प्रयत्न करून मोकळे होण्याची छटा येते. 'प्रयत्नशील राहील' यात सातत्य येते, म्हणून मला ते अधिक पटते. उलट, तक्रारीला उत्तर म्हणून येणाऱ्या छापील पत्रातील 'वुई शॅल एन्डेव्हर' वाचताना त्यातले देणे केव्हाच बुडीत खात्यात गेले आहे हे जाणवते. तिथे 'बघू, करू' हे भाषांतर चपखल बसेल.

'खटपट', 'धडपड' किंवा 'आटापिटा' हे प्रतिशब्द मी टाळीन, कारण त्यांत दमछाक दिसते, बांधिलकी दिसत नाही. 'झटणे' त्यातल्या त्यात जवळचे आहे: माणूस कोणासाठी तरी झटतो.