‘जीप’मध्ये ‘जनरल पर्पज’ नाही

‘जीपमध्ये बसलो’ म्हणावं की ‘जिपेत’, असा प्रश्न आहे. सोबत युक्तिवाद असा की जीप म्हणजे ‘जनरल पर्पज’ची आद्याक्षरं, म्हणून तिला मराठी विभक्तिरूप नको. दोन्ही चालतं. वीट–विटेत, तशी जीप–जिपेत. ‘पोलीस’चं ‘पोलिसाला’ आपण करतोच की. पण ते ‘जनरल पर्पज’ ऐकून ऐकून कान किटले आहेत.

‘जी.पी.’ ही फोर्डची खूण. त्यांच्या कारखान्यात ‘जी’ म्हणजे सरकारी कंत्राट आणि ‘पी’ म्हणजे ८० इंच व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराची) टेहळणीची गाडी. पुढे विलीज या दुसऱ्या मोटार कंपनीच्या आराखड्यावर गाड्या बांधल्या तेव्हा ‘डब्ल्यू’ जोडला: जीपीडब्ल्यू. यात ‘पर्पज’ कुठे बसवणार?

शिवाय फोर्डची गाडी पहिली नव्हेच. अमेरिकी लष्कराने १९४०च्या उन्हाळ्यात १३५ कंपन्यांना विचारलं, अशी हलकी गाडी बनवाल का. नमुना ४९ दिवसांत हवा होता. तो दिला पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या चिमुकल्या बँटम कंपनीने. त्यांच्यासाठी अभियंता कार्ल प्रोब्स्टने आराखडा दोन दिवसांत काढला आणि २३ सप्टेंबरला गाडी हॉलाबर्डच्या लष्करी तळावर उभी राहिली. विलीजची ‘क्वाड’ आणि फोर्डची ‘पिग्मी’ नोव्हेंबरात आल्या. वजनाची मूळ अट १३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो. पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा तर दुसरं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेचक्रं) आलं, पुढे-मागे जोर वाटणारी ट्रान्स्फर केस आली, वळतानाही न अडखळता फिरणारे सांधे आले. इतक्या वजनात हे बसणार कसं? मर्यादा शेवटी २१६० पौंडांवर गेली. क्वाड त्याहूनही जड होती. ६० अश्वशक्तीचं इंजिन सोडायचं नव्हतं, म्हणून विलीजच्या डेल्मार रूसने बोल्टची फाजील लांबी कापली, रंगाचा थरसुद्धा हिशेबाने दिला.

शब्द मात्र या सगळ्यांहून जुना. १९३६ साली व्यंगचित्रकार सीगरच्या पॉपाय चित्रमालिकेत ‘युजीन द जीप’ नावाचा प्राणी आला. बोलायला एकच शब्द, ‘जीप’. आणि भिंतीतूनही आरपार जाणार! तिथून तो शब्द लष्करी छावणीत शिरला. नवख्या रंगरुटाला जीप, मेकॅनिककडे चाचणीला आलेल्या कोऱ्या गाडीलाही जीप. मिनियापोलिस-मोलाइनच्या ट्रॅक्टरवरून केलेली अवजड लष्करी गाडीसुद्धा जीपच. म्हणून मी म्हणतो, जीप म्हणजे ‘अजून न पारखलेली’. काही नामांकित इंग्रजी कोश आजही ‘जी.पी.’चा उच्चार पुढे करतात. त्यांनी एवढंच सांगावं: काही तुकड्यांत अर्धा टन भार वाहणाऱ्या, डॉज कंपनीच्या गाडीला ‘जीप’ आणि या पाव टनी गाडीला ‘पीप’ म्हणत, ते का? डॉजवर कुठे होतं ‘जी.पी.’?

१९४१च्या सुरुवातीला विलीजचा चाचणी-चालक रेड हाउसमन याने क्वाड थेट वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर चढवली. वॉशिंग्टन डेली न्यूजच्या कॅथरीन हिलियरला त्याने गाडीचं नाव ‘जीप’ सांगितलं. ते छापून आलं आणि ‘पीप’ मागे पडलं.